कॉम्प्युटरमधला व्हायरस घरच्या घरी काढताना: आधी वायर, मग स्कॅन

परवा संध्याकाळी सोलापूरच्या अशोक चौकातून आत्याचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर बोंबलायलंय बघ. एक बाई इंग्रजीत ओरडायलीय, बंदच होईना." फोनमधूनही भोंगा ऐकू येत होता. स्क्रीनवर निळी पाटी, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा' असा मजकूर. आत्यानं त्या नंबरवर फोन केला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाली, "मला कुठं इंग्रजी येतंय बोलायला."

ते इंग्रजी न येणं त्या दिवशी कामाला आलं. ती पाटी म्हणजे व्हायरस नव्हताच. ते होतं एक वेब पान, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं, आवाजाची फाइल सुरू ठेवून बसलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. तिला फोनवरच सांगितलं: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब, यादीत क्रोम दिसेल, त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' कर. परत क्रोम उघडल्यावर 'जुनी पानं पुन्हा उघडू का' असं विचारलं तर नाही म्हण. आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरी मी गेलोच, कारण त्याच मशिनवर टॉवेलच्या धंद्याचं जीएसटी आणि नेटबँकिंग चालतं. आणि तिथं खरा पाहुणा सापडला. तो ओरडत नव्हता. आठ-दहा महिने गुपचूप बसून होता. घरगुती कॉम्प्युटरच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय: जे आरडाओरडा करतं ते बहुतेक वेळा भीती दाखवून पैसे काढायला आलेलं असतं, आणि जे खरोखर चोरतं ते आवाज करत नाही. म्हणून खाली जो क्रम देतोय तो गप्प बसणाऱ्यांसाठी आहे.

आधी बघा, व्हायरस आहे तरी का

'कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस शिरला असेल' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आपल्या पूर्व भागात तर त्याचं एक खास कारण आहे. खाली माग, वर घर. सुताचा बारीक फुफाटा घरभर उडत असतो आणि सीपीयूचा पंखा तो आत ओढतो. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत त्याची अक्षरशः गादी तयार होते. वर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, अगदीच तापला तर मशिन बंद पडतं. हे व्हायरससारखंच दिसतं, पण त्याला औषध म्हणजे मऊ ब्रश आणि ब्लोअर. मशिन बंद करून, प्लग काढून, पंखा बोटानं धरून हवा मारा. न धरता मारली तर पंखा भन्नाट फिरतो आणि खराब होऊ शकतो.

दुसरं कारण जुनी हार्ड डिस्क. वर सांगितलेली तीन बटणं दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिस्क'च्या रकान्यात सतत शंभर टक्के दिसत असेल, प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर बहुधा डिस्क थकलीय किंवा विंडोजचं अपडेट चाललंय. उलट कुणीही काही करत नसताना प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड ऐंशी-नव्वद टक्क्यांवर पळत असेल, तर चोरून क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्राम असल्याचा संशय घ्या. यातले काही इतके हुशार असतात की टास्क मॅनेजर उघडला की थांबतात आणि बंद केला की पुन्हा सुरू होतात. तेव्हा पंख्याचा आवाज ऐका. तो खोटं बोलत नाही.

तिसरं म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' असं येणं. कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं, बस. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथं 'साइट सेटिंग्ज', तिथं 'नोटिफिकेशन्स'. परवानगी मिळालेल्या साइटींची यादी दिसेल, ओळखीची नाही ती प्रत्येक काढून टाका. आत्याच्या यादीत एकवीस होत्या.

खऱ्या संसर्गाच्या खुणा वेगळ्या. विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद होते आणि चालू होत नाही. अँटिव्हायरस कंपनीची साइट तेवढी उघडत नाही, बाकी सगळ्या उघडतात. सर्च करायला गूगल उघडलं तर भलतंच पान येतं. तुमच्या मेलवरून किंवा इन्स्टाग्रामवरून तुम्ही न पाठवलेले मेसेज जातात. यातलं काही दिसलं तर पुढं वाचा.

इंटरनेट तोडा

राउटरची वायर मागून काढा, वायफाय असेल तर बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडलेला असेल तर तोही. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात. घाबरून आधी बँकेत लॉग-इन करून पैसे आहेत का बघतात, म्हणजे चोर घरात असताना त्याच्यासमोर तिजोरी उघडतात. बँक बघायची तर मोबाइलवर बघा.

कुणी फोन करून तुमच्या मशिनमध्ये एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून तुमचं मशिन चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला लावलं असेल तर नेट तोडून तो प्रोग्राम काढा. पैसे गेले असतील तर कॉम्प्युटरकडं नंतर बघा, आधी १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर करता येते.

नेट तुटलं की महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा: फोटो, कागदपत्रं, टॅलीचा बॅकअप. फक्त डेटा. प्रोग्राम, डॉट ईएक्सई फाइली, कुणीतरी दिलेले सेटअप आणि क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवणाऱ्या चोरट्या फाइली, अजिबात कॉपी करू नका, नाहीतर साफसफाई झाल्यावर तुम्हीच त्याला परत घरात आणाल. डिस्क लगेच काढून ठेवा. स्वच्छ मशिनवर ती स्कॅन केल्याशिवाय उघडायची नाही.

नवीन लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही विसरणारे नंतर रडतात. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकरनं एन्क्रिप्ट केलेली असते. सेफ मोडला (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करायची पद्धत) जाताना मशिन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवरून अकाउंट उघडून आधीच कागदावर उतरवून घ्या.

हातानं झाडझूड

स्कॅनर चालवण्याआधी मी पंधरा मिनिटं हातानं झाडतो. स्कॅनरला जे 'व्हायरस' वाटत नाही पण तुम्हाला नको असतं, ते इथंच दिसतं.

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', तिथं 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. यादी तारखेनुसार लावा. त्रास कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या दिवसाच्या आसपास काय आलंय ते बघा. पीसी क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, फुकट पीडीएफ कन्व्हर्टर, फुकट व्हीपीएन, ही मंडळी बहुतेक वेळा जोडीनं येतात. अनइन्स्टॉल करा. नाव ओळखीचं नसेल तर लगेच काढू नका, मोबाइलवर शोधून बघा. ग्राफिक्स, साउंड किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर काढून बसलात तर वेगळाच घोळ.

मग टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप ॲप्स'. मशिन सुरू होताना उठणाऱ्यांची ही यादी. अनोळखी नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. प्रोग्राम फाइल्समध्ये बसलेला प्रोग्राम बहुधा नीट असतो. 'टेम्प' किंवा 'ॲपडेटा'च्या पोटात, अर्थहीन अक्षरांच्या फोल्डरमध्ये बसलेला संशयित. ॲपडेटामध्ये काही चांगले प्रोग्रामही राहतात, त्यामुळे जागा आणि नाव दोन्ही बघून ठरवा. टास्क शेड्युलरही एकदा उघडा. दर दहा मिनिटांनी काहीतरी चालवायची नोंद तिथं लपवून ठेवायची ही जुनी युक्ती आहे.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्सची, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी बघा आणि स्वतः टाकलेली नाहीत ती काढा. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय? ऑफिसच्या मशिनवर ते ठीक. घरच्या मशिनवर बहुतेक वेळा याचा अर्थ कुणीतरी पॉलिसी लावून एक्स्टेन्शन काढता येऊ नये अशी सोय केली आहे. काही अँटिव्हायरसही तसं करतात, पण आधी संशय घ्यायचा. असं असेल तर पुढं सांगितलेला अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर बहुधा ते सोडवतो.

नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी', म्हणजे तुमचं नेट भलत्याच मशिनमधून वळवायची सोय, उघडून 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद आहे ना ते बघा. अँटिव्हायरसच्या साइटी उघडत नसतील तर 'होस्ट्स' नावाची फाइल तपासा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, या वाटेनं गेलं की ती सापडते. नोटपॅडमध्ये उघडा. हॅशच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी टिपणं असतात. हॅश नसलेल्या ओळींत अँटिव्हायरस कंपन्यांची नावं दिसली तर त्या ओळी उडवा. त्यासाठी नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावं लागतं.

आता आत्याच्या घरी जे सापडलं ते. विंडोज सिक्युरिटी, तिथं 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथं 'मॅनेज सेटिंग्ज', आणि अगदी तळाशी 'एक्स्क्लूजन्स'. ही 'यांना तपासू नका' अशी यादी असते. घरच्या मशिनवर ती सहसा रिकामी असावी. तिथं लिहिलं होतं: सी ड्राइव्ह. सगळाच्या सगळा. म्हणजे पहारेकरी गेटवर उभा, पण त्याला सांगितलेलं की या घराकडं बघायचं नाही. आतेभावाला विचारलं, "काय करून ठेवलास बे हे?" त्यानं फोटो एडिटिंगचं एक महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलं होतं. त्याच्या सूचनांतच लिहिलेलं होतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा, सी ड्राइव्ह एक्स्क्लूजनमध्ये टाका.' त्यानं इमानेइतबारे तसं केलं. ही यादी तपासल्याशिवाय कितीही स्कॅन चालवा, सगळं हिरवंच दिसणार.

स्कॅनची वेळ

झाडून झालं की नेट थोड्या वेळासाठी जोडा, विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन अपडेट्स' करून घ्या, आणि पुन्हा वायर काढा. लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस आत असेल तर आधी तो काढून टाका, म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा होईल. कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये आधी 'फुल स्कॅन'. जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास सहज जातात. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून या. त्यानंतर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी पर्याय. मशिन रीस्टार्ट होतं आणि विंडोज नीट उठण्याच्या आत तपासणी होते. त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणारे रूटकिट उघडे पडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात. काय सापडलं ते नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतं.

मग दुसऱ्याचं मत घ्या. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आणि त्याच कंपनीचा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर, हे दोन मी वापरतो. दुसरा इन्स्टॉलही करावा लागत नाही. सुरुवातीला मालवेअरबाइट्स पैसे भरायच्या आवृत्तीची चाचणी देऊ करतो, ती संपली की नुसता स्कॅनर उरतो, तेवढाच आपल्याला हवा असतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र ठाऊक असणारे कमीच भेटतात. सीएसके डॉट गव्ह डॉट इन या साइटवर बॉट, म्हणजे तुमचं मशिन दुसऱ्याच्या हुकमानं चालवणारे प्रोग्राम, काढायची साधनं फुकट मिळतात, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. ही सगळी साधनं स्वच्छ मशिनवर उतरवून पेनड्राइव्हनं आणा, आणि साइटचा पत्ता हातानं टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरात कधी कधी खोट्या साइटची असते, आणि व्हायरस काढायला जाऊन व्हायरस घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

व्हायरस स्कॅनरच चालू होऊ देत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा, मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट', आणि आकडा ४ दाबा. नेटसकट हवा असेल तर ५. अकाउंटचा पासवर्ड आठवत असू द्या, तिथं पिन कधी कधी चालत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह

परीक्षेचा फॉर्म, सातबारा, लग्नपत्रिका, सगळं आपण पेनड्राइव्हवर घेऊन प्रिंट काढायला जातो. त्या मशिनला दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह लागतात. घरी येऊन बघावं तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले आणि साइज काही केबी. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक मात्र करू नका, तोच सापळा आहे. ते दाबलं की फोल्डर उघडतोही आणि मागून व्हायरसही चालू होतो.

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन. मग फाइल एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'व्ह्यू' या भागात लपवलेल्या फाइली दाखवा असं निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील, कधी कधी नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असतील. आपल्या फाइली कॉम्प्युटरवर घ्या, पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा, आणि ती खूण परत लावा. पुढच्या वेळी फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून दुकानात नेली तर पेनड्राइव्ह वाचतो, पण तिथं लॉग-आउट करायला विसरू नका.

फॉर्मॅट कधी मारायचा

नुसत्या जाहिराती आणि एक्स्टेन्शन असतील तर वरच्या साफसफाईत भागतं. पण ज्या मशिनवर पैशांचे व्यवहार होतात आणि तिथं पासवर्ड चोरणारं काही सापडलं, किंवा साफ करूनही दोन दिवसांत परत आलं, तर वाद घालू नका, विंडोज नव्यानं टाका. आत्याकडं मी तेच केलं. स्कॅनरनं 'सगळं काढलं' म्हटलं होतं, पण जे महिनोन् महिने कुणी तपासलंच नव्हतं त्यावर धंद्याचं खातं चालवायला माझं मन घेईना.

'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढं 'क्लाउड डाउनलोड'. त्यामुळे मशिनमधली कदाचित बिघडलेली प्रत न वापरता विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरतं. त्याहून पक्कं म्हणजे स्वच्छ मशिनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करणं आणि त्यावरून इन्स्टॉल करणं. मूळ लायसन्स असेल तर त्याच मशिनवर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. बाहेरून फॉर्मॅट मारून घेणार असाल तर विंडोज कुठलं टाकणार ते आधी विचारा. क्रॅक केलेलं टाकलं तर पैसे देऊन व्हायरस परत आणल्यासारखं. आणि मशिन अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यावर ११ चालत असेल तर ते टाकायची हीच वेळ.

फाइलींची नावंच बदलली असतील आणि खंडणीची चिठ्ठी दिसत असेल तर ते रॅन्समवेअर. पैसे भरू नका, कुलूपबंद फाइली पुसू नका. नो मोअर रॅन्सम या युरोपोलसह अनेकांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसली तरी पुढं मिळू शकते, म्हणून त्या फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या.

पासवर्ड, आणि तेही मोबाइलवरून

हल्लीचे चोर पासवर्डच्या जोडीला ब्राउझरमधल्या, तुमचं लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या कुकीही नेतात. म्हणजे पासवर्ड आणि ओटीपी न टाकताही ते तुमच्या नावानं आत बसू शकतात. म्हणून स्वच्छ फोनवरून आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलता येतात. लगेच गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'त 'युवर डिव्हायसेस' उघडून अनोळखी आणि जुन्या सगळ्या मशिनमधून साइन आउट करा. मग बँक, मग बाकीचे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

क्रोममध्ये परत साइन-इन करण्याआधी थांबा. सिंक चालू असेल तर काढलेलं खराब एक्स्टेन्शन तुमच्या अकाउंटमधून उतरून नव्या विंडोजमध्ये येऊन बसतं. माझ्याकडून हे एकदा झालंय, अर्धा दिवस वाया. साइन-इन केल्या केल्या एक्स्टेन्शनची यादी बघायची.

आत्याच्या मशिनवर शेवटी तीन गोष्टी करून आलो. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची शेपटं दिसतील असं केलं, म्हणजे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आलं तर कळेल. आतेभावासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं अकाउंट काढलं. आणि त्याला एक नवी फसवणूक दाखवली: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणत एखादं पान विंडोज आणि आर दाबायला, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगतं. तेव्हा आपण आपल्याच हातानं व्हायरस चालवत असतो.

बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवायची नाही, रविवारी लावायची, कॉपी झाली की काढायची, असं आत्याला सांगितलं. तिनं ती चादरीत गुंडाळून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली. "रविवारी तूच ये," म्हणाली, "शेंगाची चटणी करून ठेवते."